पांडेच्या जागी मनकर्णा

अकोला स्टेशनवर वर्षानुवर्षं पाणी पाजलं ते पांडे महाराजानं. उत्तरेकडचा बामण, कपाळाला गंध, एका हातात पितळी बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं ओगराळं. गाडी थांबली की 'पानी, पानी' करत डब्याडब्यापुढून जायचा आणि खिडक्यांतून बाहेर आलेल्या लोट्यांत, ओंजळींत पाणी ओतायचा. बामणाच्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं, म्हणून ही सोय. बासष्ट सालच्या उन्हाळ्याच्या तोंडी म्हातारा थकला आणि आपल्या मुलखाला निघून गेला. त्याच्या जागी कोणाला घ्यावं याचा विचार चालू होता, तेवढ्यात स्टेशनमास्तरांच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. अकोट फैल वस्तीतली मनकर्णा. गँगमन बुधाजीची विधवा, डोक्यावर टोपलं घेऊन जठारपेठेत गोवऱ्या विकणारी. म्हणाली, ते पाण्याचं काम मले द्या.

खोलीत बसलेल्या पार्सलबाबूला एकदम खोकला आला. येणारच. बौद्ध वस्तीतली बाई, म्हणजे काल-परवापर्यंत लोक जिच्या सावलीला जपत होते ती बाई, गाडीभर माणसांना पाणी पाजायला निघाली होती, आणि तेही पांडेच्या जागी. मास्तर दक्षिणेकडचे, गंभीर माणूस. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, लोग पियेगा?

"साहेब," मनकर्णा म्हणाली, "अकोल्याच्या उन्हात लोक जात पेतात का पाणी?"

मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी तिला नाहीही म्हटलं नाही. उन्हाळाभर काम कर, तक्रार आली नाही तर पुढं कायम करू, आली तर घरी जायचं, असं ठरलं. बाई जशी आली तशीच ताडताड निघून गेली. तिच्या चालण्यावरून वाटावं की स्टेशन हिनं आजच विकत घेतलं.

आता ही बाई पाण्याच्या मागं कशापायी लागली? पोरासाठी, दुसरं काय. तिचा एकुलता एक देवमन अमरावतीला कॉलेजात होता, बी.एस्सी.ला. वस्तीतला कॉलेजात गेलेला पहिला पोरगा. बुधाजीनं जन्मभर रुळाखालची गिट्टी ठोकली, आणि ती ठोकता ठोकता डोक्यात एकच गोष्ट पक्की ठोकून बसवली होती, की पोट्टा शिकला पाहिजे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला, घरातले देवाचे टाक मोर्णा नदीत सोडले आणि बायकोला सांगितलं, आता आपला नवस एकच. पण पोरगा दुसऱ्या वर्षाला असताना बुधाजी तापानं गेला. देवमन मातीला म्हणून आला आणि परत गेलाच नाही. रेल्वेनं बापाच्या नावावर त्याला खलाशाचं काम दिलं, आणि तो कंदील पुसायला, सांध्यांना तेल घालायला लागला.

पोरगा नालायक असता तर मनकर्णानं त्याला पाठीत रट्टा घालून हाकलला असता. पण पोरगा गुणाचा निघाला, हीच तर पंचाईत. पगार आणून आईच्या हातात ठेवायचा, कधी तोंड वाकडं करायचा नाही, आणि कॉलेजचं नावही काढायचा नाही. शेजारची पार्वताबाई म्हणायची, बाई, नशीब काढलं तू, श्रावणबाळ हाये तुहा. मनकर्णा मान डोलवायची आणि घरात येऊन गोवऱ्यांवर राग काढायची.

दोन वर्षं तिनं हे पोटात ठेवलं. मग एक दिवस दिवाळीच्या सुट्या संपल्यावर ती गोवऱ्यांचं टोपलं घेऊन स्टेशनाच्या पुलाखालून चालली होती. नागपूरकडं जाणारी गाडी उभी होती, आणि एका डब्यात कॉलेजची पोरं कोंबलेली. त्यांतल्या एकानं हाक मारली, देवमन, अरे देवमन. मनकर्णानं पाहिलं तर तिचा लेक तेलाचा डबा घेऊन कंदीलखोलीच्या आड उभा. भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून. गाडी सुटेपर्यंत तो तिथून हलला नाही. ते पाहून त्या माउलीच्या काळजात असं काही लचकलं की जठारपेठेत त्या दिवशी तिनं गोवऱ्या मोजल्याच नाहीत, ज्यानं जेवढ्या उचलल्या तेवढ्या उचलू दिल्या.

त्या दिवसापासून तिनं ध्यास घेतला. पोट्टा पुन्हा कॉलेजात गेला पाहिजे, म्हणजे त्याच्या पगाराविना भागलं पाहिजे, म्हणजे तिला बांधलेलं काम मिळालं पाहिजे. गोवऱ्यांवर एक पोट चालतं, कॉलेज चालत नाही. म्हणून पांडे गेल्याचं कळताच ती धावली.

देवमनला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच माय-लेकात वाजलं. तो म्हणाला, रेल्वेत दुसरं काहीही काम माग, झाडू माग, कोळसा माग, हे नको. लोक तोंडावर जात विचारतील. पाणी फेकतील. मी हे डोळ्यांनी पाहायचं आणि मग अमरावतीला जाऊन पुस्तक उघडायचं? मनकर्णा म्हणाली, झाडू तं आपल्याले न मागता भेटते, त्याच्यासाठी कायले दारात उभं राहू? दोघंही एकाच मातीचे, हटणार कोण? शेवटी देवमननं अट घातली. ज्या दिवशी कोणी तिच्या हातचं पाणी फेकलं, त्या दिवशी तिनं काम सोडायचं आणि त्यानं कॉलेज. कबूल असेल तर तो जुलैत जाईल. मनकर्णा एका क्षणात कबूल म्हणाली. कबूल म्हणायला काय जातं, पोराला गाडीत बसवणं महत्त्वाचं.

पण काम सुरू झालं आणि बाईला कळलं, आपण काय गळ्यात बांधून घेतलं. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे थट्टा नव्हे. फलाटाची फरशी तव्यासारखी तापायची, पायातल्या चपलेचा तळ चिकटायचा. पण उन्हाचं तिला काही वाटत नव्हतं, ऊन ओळखीचं होतं. तिनं फलाटावरच्या रांजणांभोवती ओली पोती गुंडाळली, खाली वाळू घातली, येता-जाता पोत्यांवर पाणी शिंपडायची. पांडेच्या काळी नव्हतं इतकं गार पाणी तिनं करून दाखवलं. तरीही निम्म्या खिडक्यांतून आधी प्रश्न यायचा, मग लोटा. पांडे कुठं गेला? तू कोण? कोणाची?

"रेल्वेची," ती म्हणायची.

काही हसायचे आणि लोटा पुढं करायचे. काही डोळे बारीक करून पाहायचे, लोटा मागं घ्यायचे आणि फलाटाच्या टोकाच्या नळाकडं पळायचे. नळाचं पाणी चहासारखं गरम. तिथून ते तोंड वाकडं करून परत यायचे तेव्हा मनकर्णाला हसू आवरायचं नाही. फेकलं मात्र अजून कोणी नव्हतं. देवमन दर गाडीला कुठल्या ना कुठल्या खांबामागं असायचा. ती न दिसल्यासारखं करायची. त्याची पाठ उन्हानं जळत होती आणि हिचा जीव टांगणीला लागला होता, की कोणता लोटा आपल्या पोराचं कॉलेज सांडतो.

आणि वैशाखात, भर दुपारी, भुसावळकडं जाणाऱ्या गाडीतून भगवंतराव पाटील उतरले.

मनकर्णानं त्यांना बघताक्षणी ओळखलं. मूर्तिजापूरकडच्या तिच्या माहेरचे पाटील. केस पिकले होते, पण तोच रुंद चेहरा, तेच दाणकन बोलणं. ही पोर होती तेव्हा यांच्या विहिरीवर पाण्यासाठी तासन् तास खाली उभी राहायची. पाटलांच्या घरची कोणी बाई दया येईल तेव्हा काठावरून पाणी ओतायची, तेही हातभर उंचावरून, म्हणजे धारेनंही विटाळ चढू नये. खाली हिची घागर, निम्मं पाणी घागरीत, निम्मं अंगावर. तिथून पुढं साऱ्या जन्मात तिला कोणी पाणी दिलं ते असंच. जठारपेठेतही गोवऱ्या हाताला चालायच्या, पाणी मात्र वरून.

पाटलांनी तिला ओळखलं नाही. ते कुटुंबासह शेगावला दर्शनाला निघाले होते, घशाला कोरड पडलेली, हातात मोठा लोटा. त्यांनी लोटा पुढं केला. पळावं वाटलं मनकर्णाला, दुसऱ्या डब्याकडं जावं वाटलं. पण खांबामागं देवमन होता. तिनं ओगराळं भरलं, एक पाऊल मागं सरकली, हात डोक्याच्याही वर नेला आणि तिथून धार सोडली. पाणी थोडं लोट्यात गेलं, बाकी पाटलांच्या बाहीवर, धोतरावर, नव्या जोड्यावर.

बिचारीनं मुद्दाम केलं नाही हो. तिच्या हातांना पाणी द्यायची दुसरी तऱ्हा ठाऊकच नव्हती. गेले कित्येक दिवस ती सगळ्यांना असंच पाणी देत होती, लांबून आणि वरून, आणि लोक अंगावर सांडतं म्हणून कुरकुरत होते, आणि तिला वाटत होतं की यांना आपली जात कळली म्हणून कुरकुरतात.

पाटील कडाडले. "अवं बाई, मले का म्हार समजली का, एवढ्या वरून ओतून राह्यली? जवय ये अन् नीट ओत."

फलाटावरची माणसं वळून पाहायला लागली. देवमन खांबामागून निघाला. आणि मनकर्णा? मनकर्णा त्या माणसाच्या तोंडाकडं बघतच राहिली. चाळीस वर्षं जे पाणी ती अंगावर झेलत आली, ते आज ह्याच्या अंगावर एकदा सांडलं तर ह्याला अपमान झाला. अपमान होता तर तो. इतकी वर्षं ती त्याला पाणी समजत होती. तिच्या पोटातून हसू आलं, संतापही आला, आणि दोन्ही एकदमच आले.

मग ती पुढं झाली. अगदी जवळ गेली. ओगराळ्याचा काठ लोट्याच्या काठाला टेकवला, पितळेला पितळ लागल्याचा आवाज झाला, आणि तिनं संथपणे लोटा भरला. एक थेंब सांडू दिला नाही. पाटलांनी लोटा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली घेतला. तोंड पुसून म्हणाले, वा, गार हाये.

ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. गाडी सुटली असती, पाटील शेगावला गेले असते, आणि कोणाला काही कळलं नसतं. पण चोरून जिंकण्याची तिला सवय नव्हती.

"पाटील," ती म्हणाली, "वयखलं नाई तुमी. मी जानरावची मनकर्णा. तुमच्या विहिरीखाली उभी राह्याची थे."

पाटलांचा हात मिशीवर होता, तो तिथंच राहिला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग लोट्याकडं पाहिलं. पोटात गेलेलं पाणी काही बाहेर काढता येत नाही. वरून सूर्य आग ओकत होता. खिडकीतून पाटलीणबाई विचारत होत्या, पाणी भेटलं का नाही, नातू रडून राह्यला. देवमन आता दोन हातांवर येऊन उभा होता. गार्डानं शिट्टी तोंडाला लावली.

पाटलांनी लोटा पुन्हा पुढं केला. "भर," ते म्हणाले. "शेगाव येईलोक पुरलं पायजे."

तिनं भरला. जवळून.

आता कोणी म्हणेल पाटील सुधरले. कशाचे सुधरतात. शेगावला उतरून त्यांनी आंघोळ केली असेल, नसेल, आपल्याला काय करायचं? त्यांना तहान लागली होती आणि पाणी गार होतं, एवढंच खरं. पण मनकर्णाचं काम झालं. त्या दिवसापासून तिनं एकाही लोट्यात वरून पाणी ओतलं नाही. खिडकीला छाती टेकवून उभी राहायची, काठाला काठ लावायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून ओतायची. कोणी कोण म्हणून विचारलं तर आता सरळ सांगायची, बौद्ध हावो, पेता का पुढं जाऊ? आणि गंमत पहा, पूर्वीपेक्षा जास्त लोक प्यायला लागले. पाटलांना पाणी पाजलं त्या संध्याकाळी भाकर खाताना देवमन आपणहून म्हणाला, माय, माही पेटी कुठं ठेवली? तिनं हातातला घास खाली ठेवला आणि उठून बाहेर गेली. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात, असं काहीतरी म्हणाली. चूल तर केव्हाच विझली होती.

पुढं मिरग कोरडा गेला, उन्हाळा लांबला आणि मास्तरांनी तिला सांगितलं की तक्रार एकही नाही, काम पुढं चालू राहील. अमरावतीच्या वसतिगृहात देवमनची जागा झाली. सगळं तिच्या मनासारखं झालं, आणि मग बाईचं डोकं फिरलं.

सरळ बोलेचना. देवमननं सदरा मागितला तर म्हणायची, हात नाहीत का तुले? नाही मागितला तर म्हणायची, आता काय, मोठे साहेब झाले, मायची गरज उरली नाही. मुंगवड्या घातल्या त्या एवढ्या, की वसतिगृहाची वर्षभर पंगत उठावी. तिळाची चटणी कुटताना पार्वताबाई येऊन बसली तर तिच्यावरही खेकसली. पार्वताबाईनं ते मनावर घेतलं नाही. ती म्हणाली, तूच तं डोक्यावर मिरे वाटून त्याले धाडून राह्यली, आता कावून रडतं?

"धाडतो म्हणून का दुखत नाई?" मनकर्णा म्हणाली, आणि मग मुसळ ठेवून खरोखरच रडली. दोन वर्षं पोरगा रोज तिच्या समोर जेवला होता. त्याचं कॉलेज सुटल्याचं दुःख तिला होतंच, पण तो घरी असल्याचं सुखही ती चोरून भोगत होती, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. जाऊ नये असं तिला वाटत होतं, आणि तो गेला नाही तर ती जिवंत राहणार नव्हती. पार्वताबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चटणी उरलेली स्वतः कुटली.

जायच्या दिवशी दुपारी देवमन भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोला नमस्कार करून निघाला. मनकर्णाची कामाची पाळी होती, म्हणून निरोपबिरोप फलाटावरच. नागपूरकडची पॅसेंजर एका बाजूला उभी होती. ती बडनेऱ्याला सोडून अमरावतीची गाडी धरायची. देवमनला खिडकी मिळाली, पेटी मांडीवर. मनकर्णा दोन वाक्यं बोलायला गेली, तेवढ्यात फलाटाच्या दुसऱ्या बाजूला भुसावळकडची उशिरा आलेली गाडी धडधडत शिरली आणि सगळ्या खिडक्यांतून एकच ओरडा झाला, पाणी. ती गाडी भट्टीसारखी तापून आली होती. मनकर्णानं बादली उचलली आणि पळाली.

चार डबे झाले, पाच झाले. सहाव्या डब्यात पांढरा कोट आणि काळी टोपी घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी तांब्या भरून घेतला, अर्धा प्यायले. शेजारच्यानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. गृहस्थांनी तोंडातला घोट पचकन बाहेर टाकला, तांब्या खिडकीबाहेर उलटा केला आणि मोठ्यानं म्हणाले, सरकार आता कोणाच्याही हातचं पाणी पाजायला लागलंय. पाणी मनकर्णाच्या पायांवर पडलं.

तिला पाण्याचं काही वाटलं नाही. तिनं आधी मागं वळून पाहिलं. आणि जे नको होतं तेच दिसलं. पलीकडच्या गाडीतून देवमन पेटीसह खाली उतरला होता.

तो सरळ चालत आला. पेटी आईच्या पायाशी ठेवली. चेहरा दगडासारखा. म्हणाला, बोलली होती तू. कबूल झाली होती. चल घरी. ठेव ते ओगराळं. मग तो खिडकीकडं वळला, मुठी आवळून, आणि आतले गृहस्थ एक आसन मागं सरकले. भोवती माणसं जमली. हमाल थांबले. पलीकडं नागपूरच्या गाडीचा गार्ड घड्याळ पाहत होता.

मनकर्णानं बादली खाली ठेवली. कबूल तर ती झाली होती, शब्द दिला होता, आणि ह्या बाईनं आजवर दिलेला शब्द मोडला नव्हता. आज मोडला.

"देवमन," ती म्हणाली, "त्यानं तांब्याभर पाणी फेकलं. त्याची तहान त्याच्यापाशी राह्यली, माह्यं काय गेलं? रांजण भरले हायेत माह्ये. पण तू कॉलेज फेकलं तं माही तहान कोन भागवन? मी का या लोकायसाठी उन्हात उभी राह्यली का? तुह्यासाठी राह्यली. तुह्या बापासाठी राह्यली. तू हे फेकशील तं त्या माणसाहून मोठं पाप तुहं."

देवमन जागचा हलला नाही. बापाचाच पोरगा, रुळासारखा सरळ आणि तितकाच कठीण. गार्डानं हिरवी झेंडी बगलेतून काढली.

मग मनकर्णानं वाद घातला नाही. पदर डोक्यावर घट्ट घेतला, खाली वाकली, पेटी उचलून गोवऱ्यांच्या टोपल्यासारखी डोक्यावर ठेवली आणि फलाट ओलांडून चालायला लागली. माणसं आपोआप बाजूला झाली. नागपूरच्या गाडीपाशी जाऊन तिनं ती पेटी खिडकीतून आत ढकलली, अगदी त्याच्या जागेवर, आणि हात झटकून वळली.

"पेटी तं चालली," ती म्हणाली. "आता तू जातं का एकटी पेटीच बी.एस्सी. होईन?"

आधी हमाल हसले. मग डब्यातले हसले, मग पलीकडच्या गाडीतल्या खिडक्या हसल्या. देवमननं खूप प्रयत्न केला, पण त्याचा दगडी चेहरा तडकला. तो धावला. शिट्टी झाली तेव्हा त्याचा एक पाय पायरीवर होता. आत चढायच्या आधी तो खाली वाकून आईच्या पायांना शिवला, तिथं अजून त्या फेकलेल्या पाण्याची ओल होती. मनकर्णानं त्याच्या पाठीत एक धपका घातला, म्हणजे आशीर्वादच.

गाडी हलली, आणि त्याच वेळी मागून पुन्हा ओरडा झाला, बाई, पाणी. भुसावळची गाडी अजून उभी होती. मनकर्णा थांबू शकत नव्हती. ती परत गेली, बादली उचलली. त्याच सहाव्या डब्यातून आता लोटे बाहेर आले होते, एक नाही, चांगले सात-आठ. एका म्हाताऱ्यानं तर आपलं भांडं कोटवाल्या गृहस्थांच्या नाकापुढूनच बाहेर काढलं. मनकर्णानं एकेक भरायला सुरुवात केली, काठाला काठ लावून. तिच्या मागं पॅसेंजर जोर धरत होती. देवमन खिडकीतून ओरडला, माय, येतो. साऱ्या फलाटानं ऐकलं. तिला वळून पाहता आलं नाही, ओगराळं भरलेलं होतं. तशीच पाठमोरी ओरडली, पास होऊन ये. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं पुसलंही नसतं. असं रडणं तिला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं, आणि ते तिला चारचौघांत हवं होतं.

लोटे संपले. ती पुढं सरकणार, तेवढ्यात गृहस्थांच्या मागून एक बांगड्यांचा हात आला. त्यांची बायको होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. छोटं फुलपात्र खिडकीबाहेर धरलं आणि हळूच विचारलं, तुमचा मुलगा का?

"व्हय," मनकर्णा म्हणाली.

कुठं चालला?

निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, असं वऱ्हाडात मानतात. मागं राहिलेल्यालाही कोणी विचारत नाही. पण मनकर्णाला तो प्रश्न साखरेसारखा लागला. तिनं फुलपात्र भरलं, मान वर केली, आणि डबाभर काय, इंजिनवाल्यालाही ऐकू जावं अशा आवाजात सांगितलं.

"कॉलेजात."

मग बादली उचलून ती पुढच्या डब्याकडं निघाली. पाणी, पाणी, अशी तिची हाक लांबच्या फलाटापर्यंत गेली, आणि त्या दिवशी ती हाक तिनं दरवेळेपेक्षा जरा जास्तच लांबवली.